खंडेनवमीचा मुका संगणक

आमच्या घरी खंडेनवमीला शस्त्रं म्हणून जे पाटावर मांडलं जातं, त्यात खरं शस्त्र एकही नसतं. विळी, अडकित्ता, वडिलांच्या वेळचा एक भला थोरला पाना, हिचं शिवणयंत्र आणि २००९ सालापासून अण्णांचा संगणक. संगणक पाटावर मावत नाही, म्हणून त्याला जागेवरच हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. हे काम अण्णा स्वतः करतात. फूल मॉनिटरपाशी ठेवायचं, खोक्यावर नाही, कारण खोक्याच्या जाळीतून पाकळ्या आत जातात, हा त्यांचा नियम.

अण्णा म्हणजे माझे चुलते. महसूल खात्यातून निवृत्त झाल्यावर वयाच्या ६८ व्या वर्षी ते एमएस-सीआयटीच्या वर्गात दहावीच्या पोरांशेजारी जाऊन बसले. त्यांना चॅटिंग करायचं नव्हतं की रेल्वेची तिकिटं काढायची नव्हती. त्यांना आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत लिहायचा होता. गावोगावच्या भावकीला पत्रं घालायची, गुरवांकडची, उपाध्यांकडची जुनी बाडं पाहायची, आणि रात्री दोन बोटांनी टंकलेखन करायचं. चौदा वर्षांत अकरा पिढ्यांची सव्वाचारशे माणसं त्यांनी त्या खोक्यात गोळा केली. २०२३ साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती सगळी छापखान्याकडे जायची होती, कारण दिवाळीनंतर कुलसंमेलन होतं आणि छापखानेवाल्याने तेवढीच मुदत दिली होती.

आणि दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मला अवदसा आठवली.

अण्णा सकाळीच एसटीने कराडला आत्याकडे गेले होते. घरात साफसफाई चालली होतीच. मनात आलं, त्यांच्या संगणकालाही एकदा आतून स्वच्छ करून ठेवू, संध्याकाळी आल्यावर चकित होतील. (चकित झाले, हे आधीच सांगून टाकतो.) गेले काही महिने पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. मागचा खटका बंद केला, वायरी काढल्या, बाजूचा पत्रा उघडला. आत धुळीची अक्षरशः गोधडी होती. रंगाचा नवा ब्रश घेतला, पंखा घट्ट धरून पाती झाडली. प्रोसेसरच्या डोक्यावरचा पंखा ज्यावर बसवलेला असतो त्या धातूच्या पट्ट्यांत धूळ इतकी गच्च बसली होती की तो अख्खा ठोकळा उचलून बाहेर काढावा लागला. दोन्ही रॅम काढून त्यांची सोनेरी टोकं पुसली. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलला. सगळं जिथल्या तिथं लावलं, निदान मला तसं वाटलं. साडेचार वाजता चहाचा कप हातात घेऊन मी ऐटीत बटण दाबलं.

पंखा नाही, दिवा नाही, हूं नाही की चूं नाही.

पुन्हा दाबलं. दाबून धरलं. भिंतीतला प्लग हलवला. त्याच प्लगला हिची इस्त्री लावून पाहिली, ती झकास तापली. मग मात्र माझ्या पोटात गोळा आला. पुढच्या पाऊण तासात मी जे केलं ते कुणीही करू नये. हाताला लागेल ते उपटत सुटलो. मोठा प्लग काढला, छोटा काढला, रॅमची अदलाबदल केली, हार्ड डिस्कची केबल काढून लावली, मग आधी काय केलं हे विसरून परत मोठा प्लग काढला. ही दारात उभी राहून म्हणाली, "अहो, तो माणूस आहे का, नाडी बघताय ती?" मी काही बोललो नाही.

शेवटी पोवई नाक्याजवळ दुरुस्तीचं दुकान असलेल्या मुलाला फोन केला. तो नवरात्रासाठी जावळीत त्याच्या गावी गेलेला. मागे घटाजवळच्या आरतीचा आवाज येत होता. सगळं ऐकून त्याने एकच विचारलं.

"काका, पाठीमागचा काळा खटका पाहिलात का? एसएमपीएसचा. रेघ दाबलेली आहे की शून्य?"

शून्य. मीच दुपारी बंद केला होता आणि मीच विसरलो होतो. ज्याला एसएमपीएस म्हणतात तो पत्र्याचा डबा भिंतीतली वीज संगणकाच्या पचनी पडेल अशी बारीक करून देतो. त्याच्या पाठीवरच्या खटक्यावर रेघ म्हणजे चालू आणि शून्य म्हणजे बंद. साडेचारला मी एक बोट दाबलं असतं तर पहिलं कोडं तिथंच सुटलं असतं. आता रेघ दाबून बटण दाबलं. पंखे फिरले! पण मॉनिटर काळाच. सिग्नल नाही, एवढंच तो सांगत होता.

"पाऊण तासात काय काय काढलंत?" त्याने विचारलं. मला सांगता येईना. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग त्याने मला जे सांगितलं त्यासाठी हा लेख लिहितो आहे.

"काका, सकाळी चालत होता ना? मग त्याच्या मनानं काही बिघडलेलं नाही. आपला हात जिथं लागला तिथंच गडबड आहे. एका कागदावर लिहा, कुठं कुठं हात लावला ते. शेवटी केलं ते आधी. आणि आता एका वेळी एकच गोष्ट करायची. केली की चालू करून बघायचं. दोन गोष्टी एकदम नाही."

बरी झालेली गाय एकाएकी आटली तर वैद्य आधी चाऱ्यात बदल काय झाला ते विचारतो, तसंच हे. कधीतरी आपसूक बंद पडलेला संगणक आणि साफसफाईनंतर बंद पडलेला संगणक हे दोन वेगळे रोगी आहेत. पहिल्यात काहीही जळलेलं असू शकतं. दुसऱ्यात बहुतेक वेळा काहीतरी नीट बसलेलं नसतं. मी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे यादी केली. नऊ ठिकाणं निघाली. त्यातली पाच दुपारच्या सफाईतली होती आणि चार नुसत्या घाबरण्यातली. उघडण्यापूर्वी मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवले असते तर यादीची गरजही पडली नसती. पण मोबाइल आमच्याकडे फराळाचे फोटो काढायला असतो.

यादीत वरच होता छोटा प्लग. आता हे नीट सांगायला हवं, कारण इथं पुष्कळ लोक फसतात. एसएमपीएसमधून मदरबोर्डकडे दोन प्लग येतात. एक लांबट, २४ पिनांचा. दुसरा छोटा, चौकोनी. आमच्याकडे चार पिनांचा होता, नव्या यंत्रांत आठ असतात. तो फक्त प्रोसेसरला वीज पोचवतो. मोठा लावला आणि छोटा राहिला तर पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि बाकी काहीच होत नाही. घरात दिवे जळताहेत, पण घरात कुणी नाही, असा प्रकार. हा छोटा प्लग मागच्या कोपऱ्यात, एसएमपीएसच्या सावलीत लावायचा असतो, म्हणून दिसत नाही. माझा वायरींच्या जुडग्यामागे लोंबकळत होता. भिंतीतला प्लग काढला, छोटा प्लग त्याची पकड टक् करेपर्यंत दाबला, पुन्हा वीज दिली.

टीं... टीं... टीं... संगणक ओरडायला लागला. माझ्या छातीत धस्स झालं, पण पलीकडे पोरगा खूश.

"रडला ना? मग जगला! आता भिऊ नका."

बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला जे समजतं ते मला समजलं. संगणक चालू होताना आधी स्वतःची तपासणी करतो. प्रोसेसर जागेवर आहे का, रॅम आहे का, पडदा दाखवणारा भाग आहे का. पडदा अजून जागा नसेल तर तक्रार सांगणार कशी? म्हणून शिट्टी. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला त्यातही ही व्यवस्था होती; सगळं ठीक असलं तर एक छोटी शिट्टी, आणि गडबड असली तर निरनिराळ्या लांबीच्या. प्रत्येक कंपनीची शिट्ट्यांची भाषा निराळी, ती मदरबोर्डच्या पुस्तिकेत असते. पण न थांबता होणारी शिट्टी असली तर दुरुस्तीवाले आधी रॅमकडे हात नेतात. आजच्या पुष्कळ यंत्रांत शिट्टीचा तो छोटा स्पीकर नसतोच. काहींत त्याऐवजी मदरबोर्डवर बारके दिवे असतात आणि जिथं गाडी अडली तिथला दिवा पेटून राहतो.

अशी शिट्टी चालू असतानाच अण्णा आले.

सात वाजले होते. हातात आत्याने दिलेला पेरूंचा पिशवीभर वानवळा. खोलीच्या मध्यभागी पोट फाडलेला संगणक, भोवती स्क्रू, ब्रश, कॅलेंडर, आणि जमिनीवर मांडी घालून मी. त्यांनी पिशवी खाली ठेवली. मी जे झालं ते सांगितलं, काही लपवलं नाही. ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "अरे, माझी माणसं आत सुखरूप आहेत ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या कामाची एक प्रत पेनड्राइव्हवर होती, पण ती २०२१ सालची. शिवाय ती माझ्या लॅपटॉपवर उघडली तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे. अण्णांनी सुरुवात केली ती जुन्या मराठी फॉन्टात. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर खालचं इंग्रजी उघडं पडतं. देवनागरीला स्वतःच्या हक्काच्या जागा देणारं युनिकोड १९९१ सालापासून आहे, पण अण्णांना वर्गात ज्याने शिकवलं त्याने जुनंच शिकवलं, आणि अण्णा एकदा शिकलेलं बदलत नाहीत.

फोन चालूच होता. मी तो मोठ्या आवाजावर टाकला. "आजोबा," तो मुलगा म्हणाला, "तुमची माणसं हार्ड डिस्कमध्ये आहेत. संगणक चालू होत नाही म्हणून ती कुठं जात नाहीत. मोटार बंद पडली म्हणून डिकीतलं सामान चोरीला जात नाही. अगदी नाहीच चालू झाला तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावू."

अण्णांनी एक पेरू काढला आणि हिला म्हणाले, "जरा मीठ दे गं."

हे वाक्य दर दुरुस्तीवाल्याने गिऱ्हाइकाला पहिल्या मिनिटाला सांगावं असं आहे. संगणक न उठणं आणि आतली माहिती जाणं या दोन अलग गोष्टी आहेत. माणसं घाबरतात ती दुसरीला, आणि त्या घाबरण्यापायी पहिली बिघडवून ठेवतात. हार्ड डिस्क स्वतःच खडखडू लागली तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा पुनःपुन्हा चालू-बंद करणं म्हणजे तिचा जीव घेणं.

रॅमचं मग सोपं होतं. दोन पट्ट्यांपैकी एकच लावायची. लावण्यापूर्वी हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला टेकवायचा, कारण कोरड्या हवेत टेरिकॉटच्या शर्टातून अंगावर साठलेली स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला पुरते. पट्टीच्या कडेला एक खाच असते, ती खोबणीतल्या उंचवट्यावर जुळली पाहिजे. मग दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबायचं. दोन्ही टोकांच्या पकडी आपोआप मिटल्या तरच ती बसली. मी दुपारी भीतभीत दाबलं होतं. एका टोकाची पकड उघडीच राहिली होती. टोकं पुसायला मी मुलांचं खोडरबर वापरलं होतं, आणि तसं करणारे पुष्कळ आहेत, पण त्याने सोन्याचा पातळ थर घासला जातो आणि रबराचा चुरा खोबणीत पडतो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा बरा.

याउलट एक गंमत आजच्या नव्या यंत्रांची. डीडीआर-५ जातीची रॅम बदलली की पहिल्या वेळी संगणक तिच्याशी जुळवून घेत बसतो, आणि तेवढा वेळ पडदा काळा. कधी कधी काही मिनिटं! अधीर माणूस त्या आत बटण दाबून बंद करतो आणि मेला म्हणून कपाळाला हात लावतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्यांनी आणखी एक पाहावं, मॉनिटरची केबल कार्डालाच लागली आहे ना, की चुकून मदरबोर्डच्या तोंडात घातली. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी खटका विसरलो होतो.

दोन्ही पकडी मिटल्या. बटण. एक छोटी शिट्टी. आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

तारीख आणि वेळ ठरलेली नाही, एफ-१ दाबा, असं काहीतरी म्हणणं होतं. तो नाण्याएवढा सेल, सीआर २०३२ त्याचं नाव, तीन व्होल्टचा. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो काढला की यंत्र काळ विसरतं आणि आपल्या जन्माच्या आसपास कुठंतरी जाऊन उभं राहतं. आमचं १ जानेवारी २००९ वर जाऊन उभं राहिलं. अण्णा चष्मा वर करून पाहत होते. म्हणाले, "नऊ साल. तेव्हा तुझी काकू होती." मी तारीख बदलायला लागलो तर म्हणाले, "थांब जरा." थांबलो. मग त्यांनीच खूण केली.

विंडोज सुरू झाली. अण्णांच्या फायली दिसल्या. ही दारातून "आलं का हो?" म्हणाली, आणि त्याच क्षणी सगळं फट्दिशी बंद पडलं.

आता सांगण्यासारखी लाज उरली नव्हती, म्हणून लगेच सांगितलं. पलीकडून तो मुलगा एकदम गंभीर झाला. "पुन्हा चालू करू नका. पंख्याचा ठोकळा काढला होता ना? तो बसला नाही. मी परवा येतो." प्रोसेसरला ताप चढला की तो जळून जाण्याऐवजी स्वतःच वीज तोडायला लावतो, नेमकं तेच झालं होतं. त्यानंतर मी हात लावला नाही. एसएमपीएस उघडून साफ करावा असाही एक विचार दुपारी डोक्यात आला होता, तो बोलून दाखवल्यावर मात्र त्याने मला रागावलंच. त्या डब्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून असतात. तो डबा घरी उघडायचाच नाही.

सोमवारी खंडेनवमी. संगणक तसाच, पोट उघडं टाकून जमिनीवर. अण्णांनी त्याचीही पूजा केली. फूल कुठं ठेवावं हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी ते ब्रशवर ठेवलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

दसऱ्याला दुपारी तो मुलगा थेट गावाहून आला, खिशात आपट्याची पानं आणि पेस्टची एक छोटी सुई नसलेली पिचकारी. त्याने ठोकळा उचलला आणि मला दाखवलं. त्याला चार काळे प्लास्टिकचे पाय. ते मदरबोर्डच्या भोकांतून खाली जाऊन फाकतात आणि धरून बसतात. प्रत्येक पायाच्या डोक्यावर बाण असतो. बाणाच्या दिशेने फिरवला की पाय सुटतो. मी काढताना चारही फिरवले, आणि लावताना तीनच परत फिरवले. चौथा नुसता भोकावर टेकला होता. एका कोपऱ्याने ठोकळा अधांतरी. शिवाय ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये जो राखाडी लेप असतो तो वाळून खपली झाला होता. तो लेप काही चिकटवण्यासाठी नसतो. दोन धातूंमध्ये नजरेला न दिसणाऱ्या फटी असतात, त्यांत हवा राहते आणि हवेतून उष्णता धड जात नाही, म्हणून त्या बुजवायच्या. त्याने जुना लेप पुसला, वाटाण्यापेक्षा लहान थेंब मध्यभागी टाकला आणि समोरासमोरचे पाय जोडीने दाबले. टक्, टक्. टक्, टक्. चार आवाज मोजून घेतले. एएमडीच्या एएम-४ पर्यंतच्या प्रोसेसरांत तर हा ठोकळा उपटताना खालचा प्रोसेसरच पिनांसकट वर येऊ शकतो, तेव्हा आधी थोडा वेळ चालवून गरम करावा आणि जरासा पिळून काढावा, असंही त्याने सांगितलं. मी मान डोलावली. मी पुन्हा काढणार नव्हतोच.

एक छोटी शिट्टी. पडदा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पंख्याचा आवाज येईना, म्हणून अण्णांनी वाकून पाहिलं. तो फिरत होता, घरघर तेवढी गेली होती.

पहिलं काम म्हणजे सव्वाचारशे माणसांच्या तीन प्रती. दोन पेनड्राइव्हवर, एक माझ्या लॅपटॉपवर. त्याने सगळ्याची पीडीएफही करून दिली, तिच्यात फॉन्ट आतच बांधलेला असतो, त्यामुळे छापखान्यात चिवडा होण्याची भीती नाही. एक पेनड्राइव्ह आत्याकडे कराडला जाईल, असं अण्णांनी जाहीर केलं. एकाच घरात सगळी माणसं ठेवू नयेत म्हणाले.

पैसे तो घेईना, सोनं द्यायला आलोय म्हणाला. अण्णांनी त्याच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि पानांखाली पाकीट. जाताना चपला घालता घालता तो म्हणाला, "आजोबा, दर सहा महिन्यांनी आतून साफ करायला पाहिजे बरं का."

"करू की," अण्णा म्हणाले. "मी घरी असताना."